प्रमाण माणसाची पाठ

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुणाची सून माहेरी निघून गेली, कुणाच्या जावयानं मिशी काढली, हे सकाळी मला कळलं की दुपारच्या चहाच्या आत कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत पोचलेलं असतं. तरी एक गोष्ट मी दोन वर्षं चार महिने पोटात ठेवली. त्यापायीच मला अपचनाचा त्रास सुरू झाला, असं माझी बहीण म्हणते. आता ती गोष्ट एका जाडजूड अहवालाच्या तक्त्यात एक ओळ होऊन बसली आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

गोष्ट माझ्या मेहुण्याची, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची. त्याला सगळे ‘खांब’ म्हणतात. रागात असली की बहीणसुद्धा.

खांब एका संशोधन संस्थेत कामाला आहे. तिथं पुढच्या पिढीच्या मोबाइल नेटवर्कवर काम चालतं. सुरुवातीला मी त्याला विचारलं होतं, “तू तिथं नेमकं करतोस काय?”

“उभा राहतो.”

“ते झालं. आणि काम?”

“तेच काम.”

मला वाटलं, दारावर पहारेकरी असेल आणि सांगायला लाजत असेल. मी तसं तीन घरी सांगूनही आलो. नंतर खरं कळलं तेव्हा तिन्ही घरी परत जाऊन दुरुस्ती करावी लागली.

आपल्या हातातल्या फोनच्या लहरी तशा निर्लज्ज. भिंत आली, दार आलं, तरी घुसतात. पण उद्याच्या नेटवर्कसाठी जी लहर वापरायची म्हणतात ती फार बारीक आणि फार मानी. डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तोवर अख्खं ग्रंथालय वाहून नेईल, पण मध्ये एक माणूस उभा राहिला की रुसलीच. थोडी त्याच्या अंगावर आपटून मागं फिरते, थोडी कडेनं वळसा घालते, उरलेली तिथंच जिरते. तेव्हा उद्याचे अँटेना कुठं नि किती लावायचे, आणि परत आलेल्या लहरीवरून समोर माणूस आहे की कपाट हे त्यांना कसं ओळखू द्यायचं, हे ठरवण्याआधी एक गोष्ट मोजावी लागते. एक माणूस किती लहर अडवतो आणि किती परत पाठवतो? ते मोजायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे आमचा खांब.

वास्तविक त्याला घेतलं होतं भांडारात, नट-बोल्ट आणि केबली सांभाळायला. मोजमापाला एक विद्यार्थी उभा राहायचा. एकदा तो चक्कर येऊन पडला आणि जवळ दुसरं कुणी नव्हतं, म्हणून याला उभं केलं. चाळीस मिनिटांनी पडद्यावर आलेली रेघ इतकी स्वच्छ होती, की यंत्र अडकलं असं समजून त्यांनी ते दोनदा बंद करून चालू केलं. तिसऱ्यांदाही तीच रेघ आली तेव्हा प्रमुख सर खुर्चीतून उठून आत गेले आणि खांबाकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, “तुम्ही श्वास घेता ना?”

हे कसब त्याला कुठून आलं, ते मला माहीत आहे. तरुणपणी तो पाट्या रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याकडे शिडी धरायला होता. रंगारी वर, हा खाली. शिडी केसभर हलली तर अक्षर वाकडं, आणि अक्षर वाकडं आलं की वरून ब्रश डोक्यात. सहा वर्षांत ब्रश खाल्ले पहिल्या सहा महिन्यांतच. पुढं रंगारी म्हणायचा, “तू खाली असलास की मला जमिनीची आठवण राहत नाही.” माझ्या बहिणीला तो पहिल्यांदा दिसला तो असाच, शिडीखाली. ती तीनदा त्या रस्त्यानं गेली म्हणे, हा हलतो का बघायला. हलला नाही. म्हणून लग्न केलं. असो.

तर खांब आठ वर्षं उभा राहिला. खोलीच्या भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या बाजूलाही स्पंजाचे टोकदार सुळके लावलेले आहेत, लहर भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून. आवाजही त्यातच जिरतो. मधोमध एक फिरती चकती, तिच्यावर पिवळ्या रंगानं काढलेली दोन पावलं. ती पावलं खांबाच्याच पायांच्या मापाची. चकती एकेक अंश फिरते, थांबते, यंत्र मोजतं, परत फिरते. तीनशेसाठ अंश झाले की माणूस सगळ्या बाजूंनी मोजून झाला. दुसरं कुणी उभं राहायचंच नाही, असा तिथला शिरस्ता पडला. नवं यंत्र आलं, लाव खांबासमोर. नवी लहर, खांब. एवढंच काय, त्याचं वजन वाढू नये म्हणून संस्थेनं भांडारात काटा ठेवला. आमच्याकडे जेवायला आला की हा अर्धी पोळी ताटात परत ठेवायचा आणि म्हणायचा, “नको दादा, आकडे बिघडतील.”

कागदोपत्री त्याचं नाव ‘प्रमाण माणूस’. मी त्याला खूप चिडवलं त्यावरून. पण खरं सांगू? आमच्या अख्ख्या खानदानात प्रमाण म्हणण्यासारखं दुसरं कुणी झालेलं नाही.

वर्षानुवर्षं चाळीस-चाळीस मिनिटं दगडासारखं उभं राहिल्यावर दगडाचीही कंबर दुखेल. याची दुखू लागली. डॉक्टर म्हणाले, मणके झिजलेत, उभं राहणं बंद करा. हा म्हणाला, दुसरं काही सांगा. मग डॉक्टरांनी पट्टा दिला. जाड कापडाचा, पोटावर चिकटणारा, मागून ताठ. खांब तो घेऊन घरी न जाता माझ्याकडे आला.

“हिला कळलं तर ही मला उद्यापासून उभं राहू द्यायची नाही,” तो म्हणाला. “आणि तिथं कळलं तर तेही देणार नाहीत. परत भांडारात नट मोजत बसायचं. दादा, तू एवढं कर. हा तुझ्याकडे राहू दे.”

तेव्हापासून रोज सकाळी सव्वाआठला तो माझ्याकडे यायचा, मी मागून गुडघा टेकवून पट्टा आवळायचो, वर तो शर्ट घालायचा आणि जायचा. संध्याकाळी येऊन काढायचा. माझी बहीण विचारायची, “दादा, रोज सकाळी तुमचं दोघांचं काय चालतं रे?” मी म्हणायचो, “राजकारणावर चर्चा.” आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोलत होतो आणि त्यात तिखटमीठही लावत नव्हतो.

दोन महिन्यांनी संस्थेत एक संशोधक पोरगी आली. काडीसारखी बारीक, केसांत पेन्सिल खोचलेली. मी तिचं नाव पेन्सिलच ठेवलं. खांब तिला मॅडम म्हणतो आणि ती त्याला काका. तिनंच आल्या आल्या खोलीत छोटा स्पीकर बसवून घेतला, कारण आधी चाळीस मिनिटं त्याच्याशी कुणी बोलायचंच नाही. ती बाहेरून सांगायची, “काका, नव्वद झाले. आता खिडकीकडे तोंड आहे असं समजा.” मध्येच विनोद सांगायची, तो हसतो का बघायला. हा हसायचा नाही. घरी आल्यावर मात्र मला सांगताना पोट धरून हसायचा.

दोन वर्षं तिनं याला मोजलं. मग एका सकाळी, मी पट्टा आवळत असताना, खांब अगदी फुलून सांगू लागला, “दादा, मॅडमना काय सापडलंय माहितेय? माणसाची पाठ छातीपेक्षा जास्त चमकते. म्हणजे डोळ्यांना नाही, लहरीला. जवळजवळ दुप्पट लहर परत येते पाठीवरून! मॅडमची लहर नवी, तिच्यावर आधी कुणी पाठ मोजलीच नव्हती. त्यांचा सगळा प्रबंध त्यावरच उभा आहे. पुढच्या महिन्यात मोठी बैठक आहे, देशोदेशीच्या प्रयोगशाळा बसून आकडे ठरवतात. तिथं माझी पाठ जाणार!”

“तुझी पाठ,” मी म्हणालो.

“माझी!”

“शर्टातून कशी रे दिसते लहरीला?”

“कापड तिला दिसतच नाही. काचेसारखं. कातडं दिसतं, धातू दिसतो. धातू तर आरशासारखा चमकतो. म्हणून तर आत जाताना सगळं ट्रेमध्ये काढून ठेवायचं. किल्ल्या, नाणी, घड्याळ, चष्मा…”

माझा अंगठा तेव्हा पट्ट्याच्या मागच्या शिवणीवर होता. शिवणीच्या आत काहीतरी लांबट, सपाट आणि गार लागत होतं. एक नाही, चार पट्ट्या. पोलादी.

मी काही बोललो नाही. यावरूनच त्यानं ओळखलं असावं. हात मागं घेऊन त्यानं स्वतः चाचपून पाहिलं, आणि कितीतरी वेळ तसाच हात मागं ठेवून उभा राहिला.

आता कुणी म्हणेल, दोन वर्षं याला कळलं कसं नाही? अहो, औषध म्हणून अंगावर चढवलेली गोष्ट धातूची असते हे माणसाच्या डोक्यात येत नाही. आंघोळीला जाताना आपण घड्याळ काढतो, कवळी काढतो का? पट्टा त्याच्या लेखी कंबर होता.

“कुणाला कळायचं नाही,” तो शेवटी म्हणाला.

“दुसऱ्या माणसांना उभं केलं की कळेल की.”

“केलं ना. पाच जणांना केलं. सगळे डुलले. आकडे असे फिसकटले, की सर म्हणाले, आपला माणूसच खरा.” हे सांगताना त्याच्या तोंडावर अभिमान आणि भीती अशी काही मिसळली होती, की मला चिडवायला एकही शब्द सुचला नाही. “दादा, यावेळी तोंड शिवून ठेव.”

पुढचे नऊ दिवस तो यायचा, मी पट्टा आवळायचो, तो जायचा. बोलणं नाही. मी दोन-तीन टोमणे मारून पाहिले, ते स्पंजात जिरावेत तसे जिरले. एकदाच म्हणाला, “काल मॅडम विचारत होत्या, तुमच्या पाठीच्या स्नायूंत काही खास आहे का? लहानपणी पोहत होता का? त्यांनी त्यावर चार पानं लिहिलीत.” आणि शर्टाचं बटण लावता लावता थांबला. “चार पानं, दादा. माझ्या स्नायूंवर.”

दहाव्या दिवशी माझी बहीण आली. हा जेवणाचा डबा घरी विसरला होता, तो द्यायला. दार उघडंच होतं. तिनं पाहिलं ते असं: नवरा भिंतीला हात टेकून ओणवा, आणि तिचा सख्खा भाऊ त्याच्या पाठीत गुडघा रोवून जीव खाऊन काहीतरी ओढतोय.

“ही तुमची राजकारणावरची चर्चा?”

मग सगळं बाहेर आलं. मीच काढलं, त्याच्याआधी. दोन वर्षांचं साचलेलं होतं, बांध फुटला. पट्टा, पोलाद, पाठ, पेन्सिल, बैठक, सगळं. बहीण डबा हातात धरून ऐकत होती. मला वाटलं, आता मला बोलेल. पण ती त्याच्याकडे वळली.

“अहो, रोज रात्री ह्याच कमरेला मी बाम चोळते. आणि मला माहीत नाही?”

“तू उभं राहू दिलं नसतंस.”

“नसतंच दिलं.” तिनं डबा दुसऱ्या हातात घेतला. “ती पोरगी तुम्हाला काका म्हणते ना?”

“हो.”

“तिथं त्या बैठकीत उभी राहील ती. खाली शिडी धरून कोण आहे?”

डबा टेबलावर ठेवून ती निघून गेली. जाताना मला म्हणाली, “तुझ्याशी नंतर बोलते.” अजून बोलायची आहे, मी त्या भीतीनं तिच्याकडे जेवायला जाणं कमी केलं आहे.

खांब त्या दिवशी पट्टा घालूनच गेला, पण मला बरोबर घेऊन. “एकट्यानं पाय उचलायचे नाहीत,” म्हणाला. पाहुण्याचा बिल्ला छातीवर लावून मी ती खोली एकदाची पाहिली. खोटं कशाला बोलू, त्याची परीक्षा चालली होती आणि मी मनात सुळके मोजत होतो.

दाराशी टेबल, टेबलावर प्लास्टिकचा निळा ट्रे. पेन्सिल हातात वही घेऊन उभी. “या काका. आज शेवटची फेरी, मग बैठकीची तयारी.”

त्यानं किल्ल्या ठेवल्या. नाणी ठेवली. घड्याळ, चष्मा. मग शर्टाची बटणं काढायला लागला. तिला वाटलं, उकडत असेल. त्यानं शर्ट खुर्चीवर टाकला, पोटाशी हात नेला आणि पट्टा सोडला. त्या चिकटपट्टीचा आवाज, चर्रर्र, इतका मोठा असतो हे मला रोज ऐकूनही माहीत नव्हतं. पट्टा त्यानं घडी करून ट्रेमध्ये ठेवला. आत पट्ट्या असल्यामुळं घडी नीट बसेना, तर दोन्ही हातांनी दाबून बसवली.

पेन्सिलनं वही खाली ठेवली. अंगठ्यानं शिवण दाबून पाहिली. एक, दोन, तीन, चार.

“किती दिवस?”

“दोन वर्षं चार महिने.”

“माझं पहिलं मोजमाप दोन वर्षं दोन महिन्यांपूर्वीचं आहे.” तिनं हे हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मग केसांतली पेन्सिल काढली, परत खोचली. “विचारलं का नाही मी? पाच माणसं आणली, केबली बदलल्या, यंत्राचं घड्याळ बदललं. तुम्हाला विचारलं नाही.”

“विचारलं असतंत तर मी नाही म्हणालो असतो, मॅडम.”

तिनं वही परत उचलली. “उभे राहा,” म्हणाली. “पट्ट्याशिवाय. मला पाहिलंच पाहिजे.”

बाहेरच्या पडद्यासमोर मी तिच्या शेजारी बसलो. नव्वद अंशांपर्यंत रेघ आखल्यासारखी आली. शंभराला रेघेला बारीक कापरं भरलं. एकशेवीसला स्पष्ट हलली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

“काका, बास. उतरा,” ती स्पीकरवर म्हणाली.

“पाठ यायची आहे अजून,” आतून आवाज आला.

तिनं चकती थांबवायच्या बटणावर बोट ठेवलं होतं, दाबलं नाही. एकशेऐंशी अंशांना त्याची पाठ अँटेनासमोर आली. रेघ थरथरत होती, पण चढली नाही. छातीला होती तेवढीच राहिली. पाठीत काही चमकत नव्हतं. तुमच्या-माझ्यासारखी पाठ होती.

तिनं बटण दाबलं, आत गेली, आणि आम्ही दोघांनी त्याला खाली उतरवलं. त्या पिवळ्या पावलांवर घामाचे ओले ठसे राहिले होते.

पुढं काय झालं ते गोड करून सांगता येणार नाही. पेन्सिलचा प्रबंध एक वर्ष लांबला. बैठकीच्या तक्त्यात माणसाच्या पाठीचा रकाना रिकामा गेला, आणि प्रमुख सरांना तिथं उभं राहून तो का रिकामा आहे हे सांगावं लागलं. खांबाला भांडारात पाठवलं. पेन्सिल त्याच्याशी अकरा दिवस बोलली नाही. वाटेत दिसली तर नुसती मान हलवायची. तो घरी येऊन बहिणीला म्हणायचा, “आज तीनशे बारा बोल्ट मोजले.” ती म्हणायची, “बसून मोजलेत ना? झालं तर मग.” तो अर्धी पोळीही परत ठेवत नव्हता आता, आणि ते बघून तिलाच घास जाईना.

बाराव्या दिवशी पेन्सिल भांडारात आली. माफ करायला नाही, तक्रार करायला.

“काका, मी आता वीस-बावीस माणसं मोजणार आहे. एकाच माणसावर पुन्हा नाही. पण सहा जण उभे केले, सगळे गवतासारखे डुलतात. तुम्ही काय करत होता?”

“काही करत नव्हतो, मॅडम.”

“तेच कसं करायचं?”

हे त्याला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. त्यानं बोल्टांचा डबा बाजूला सारला. मग म्हणाला, “गुडघे ताठ करायचे नाहीत, चक्कर येते. नजर एका जागी ठेवायची नाही, डोळे दमतात. दोन सुळके धरायचे आणि आलटून पालटून बघायचे. आणि मुख्य म्हणजे, मी हलत नाहीये असं मनात म्हणायचं नाही. वर कुणीतरी चढलंय असं समजायचं. त्याच्या हातात ब्रश आहे आणि अक्षर अर्ध्यावर आलंय.”

तिनं हे वहीत लिहून घेतलं. शब्दन् शब्द.

आता खांब चकतीवर चढत नाही. दाराशी स्टुलावर बसतो आणि येणाऱ्या माणसाला उभं राहायला शिकवतो. आठवडाभर शिकवलेली माणसं वीस-वीस मिनिटं टिकतात. मग पाणी पाजून उरलेली फेरी. मीही गेलो होतो. नवव्या अंशाला माझ्या तोंडून गोष्ट निघाली आणि मला उतरवण्यात आलं.

तक्ता झाला तो तेवीस माणसांचा. पाठ आणि छाती जवळजवळ सारखीच. मात्र त्याखाली पेन्सिलनं एक वेगळी ओळ ठेवली आहे: ‘एक व्यक्ती, कमरेला पोलादी पट्ट्यांचा आधार.’ सर म्हणाले होते, काढून टाक, ती चूक होती. ती म्हणाली, “सर, रस्त्यावर माणसं काय ट्रेमध्ये पट्टे काढून ठेवून चालणार आहेत?” खांबानं ती ओळ मला दाखवली तेव्हा बोट तिच्यावर ठेवलं होतं, पण नुसतं टेकवून, दाबून नाही.

पट्टा आता घरीच असतो. बहीण आवळते. माझ्यापेक्षा जोरात आवळते, असं तो म्हणतो. तरी सवयीनं सव्वाआठला माझ्याकडे चहाला येतोच.

मागच्या आठवड्यात पेन्सिलच्या नव्या मोजमापासाठी एक चांगला भारदस्त गृहस्थ आला होता म्हणे, संस्थेच्याच कुठल्याशा वरच्या खात्यातला. किल्ल्या ठेवल्या, घड्याळ ठेवलं, आणि म्हणाला, “झालं. आणखी काही नाही.”

खांब ट्रे समोर धरून उभा राहिला. बोलला काही नाही. ट्रे जराही हलला नाही. एक मिनिट झालं, दोन झाली. गृहस्थानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, घसा साफ केला. मग मान खाली घालून, सदऱ्यात हात घालून काहीतरी काढलं आणि हळूच ट्रेमध्ये ठेवलं. “घरी माहीत नाही,” असं पुटपुटला. खांबानं वर आपला रुमाल टाकला.

“काय होतं रे?” मी विचारलं.

तो चहा पीत होता.

“अरे, मला सांगायला काय हरकत आहे? दागिना होता? फोटो होता? डॉक्टरचं काही होतं?”

मी तीन वेळा विचारलं. त्यानं कप खाली ठेवला, उठला, आणि मी विचारायचं सोडेपर्यंत दारात नुसता उभा राहिला.